अभिव्यक्तिवाद, चित्रकलेतील

बाह्य सृष्टीचे डोळ्यांना दिसणारे रूप जसेच्या तसे रंगविण्याऐवजी, त्या सृष्टीच्या अनुभवातून चित्रकाराच्या मनात उठणारे भावनांचे तरंग रंग, रेषा व आकार यांच्या द्वारा प्रकट करू पाहणारा आधुनिक कलासंप्रदाय. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो मुख्यतः जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत उदयास आला आणि पुढे साहित्य, रंगभूमी, चित्रपट, संगीत व वास्तुकला या क्षेत्रांतही पसरला. 'अभिव्यक्तिवादी' ही संज्ञा १९११ च्या सुमारास जर्मन कलासमीक्षेत रूढ झाली. त्या वर्षी बर्लिनमधील एका प्रदर्शनात ती प्रथम तरुण फ्रेंच चित्रकारांना उद्देशून वापरण्यात आली होती. जर्मन चित्रकारांशी ती कायमची निगडित झाली ती त्यानंतर. व्यापक अर्थाने ही संज्ञा कोणत्याही काळातील भावनाप्रधान व आकारांचे विरूपण करणाऱ्या कलेस लावली जाते. ग्रूनेव्हाल्टचे सोळाव्या शतकातील क्रुसारोहणाचे चित्र किंवा एल ग्रेकोच्या लांबट मानवाकृती यांना या अर्थाने अभिव्यक्तिवादाचे पूर्वसूरी मानतात. प्रस्तुत नोंदीत या संप्रदायाचा परिचय करून देऊन, महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील, आधुनिक चित्रकलेशी त्याचा जो संबंध आला त्याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी : प्रबोधनकाळापासून यूरोपीय चित्रकलेत यथादर्शन, शरीररचनाशास्त्र व छायाप्रकाश यांच्या साहाय्याने वास्तवाचा आभास निर्माण करण्याचे तंत्र परिणत होत गेले. एकोणिसाव्या शतकातील दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांनी या तंत्राचे अनेक संकेत मोडले. तथापि त्यांचे लक्षही प्रकाशाच्या बाह्य संवेदनेवरच केंद्रित झालेले होते. व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) याने रंगाला स्वतंत्र भावनिक कार्य दिले. 'रात्रीचे कॅफे' (१८८८) या चित्रात त्याने लाल व हिरवा हे परस्परविरोधी रंग मुद्दाम शेजारी ठेवले. त्या खोलीचे खरे रंग दाखविणे हा त्याचा हेतू नव्हता. तेथे वावरणाऱ्या माणसांना ग्रासणाऱ्या विकारांची दाहकता त्याला दाखवावयाची होती. नॉर्वेजियन चित्रकार एडव्हार्ड मुंक (१८६३–१९४४) याच्या 'किंकाळी' (१८९३) या चित्रात पुलावर उभ्या असलेल्या आकृतीच्या मनातील भय तिच्या मुद्रेपुरते मर्यादित राहत नाही. आकाश, पाणी व किनारा यांच्या रेषाही त्याच भयाने वळलेल्या व कंप पावणाऱ्या दिसतात. भावना पात्राच्या चेहऱ्यावरून निघून संपूर्ण चित्रावकाशात पसरणे, हे अभिव्यक्तिवादाचे मूलभूत लक्षण या चित्रात प्रथमच इतक्या स्पष्टपणे आढळते.

जर्मनीतील संघटना : १९०५ मध्ये ड्रेझ्डेन येथे किर्खनर, हेकेल, श्मिट-रोट्लुफ व ब्लाइल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 'सेतू' (डी ब्र्यूके) ही संघटना स्थापन केली. पुढील वर्षी नोल्डे व पेखश्टाइन हे चित्रकार तीत सामील झाले. प्रस्थापित कलाशिक्षणाच्या बंधनातून मुक्त होऊन अनुभव थेट व उत्कटपणे व्यक्त करावा, अशी त्यांची भूमिका होती. आफ्रिका व ओशिॲनिया येथील आदिवासी शिल्पे आणि मध्ययुगीन जर्मन काष्ठमुद्रा यांपासून त्यांनी प्रेरणा घेतली. १९१३ मध्ये ही संघटना विसर्जित झाली. किर्खनरने त्याच सुमारास रंगविलेल्या बर्लिनमधील रस्त्यांच्या चित्रांत टोकदार आकार, कलती जमीन व मुखवट्यांसारखे चेहरे यांतून महानगरातील माणसाचे एकाकीपण प्रत्ययास येते.

म्यूनिक येथे १९११ मध्ये व्हासिली कँडिन्स्की (१८६६–१९४४) व फ्रांट्स मार्क (१८८०–१९१६) यांनी 'नीलाश्वारोही' (डेअर ब्लाउए राइटर) हा गट स्थापन केला. माके, म्यूंटर व पाउल क्ले हे चित्रकारही त्याच्याशी संबंधित होते. ड्रेझ्डेनच्या चित्रकारांचा भर सामाजिक व शारीरिक अनुभवावर होता, तर म्यूनिकच्या चित्रकारांचा आध्यात्मिक अनुभवावर. कँडिन्स्कीने आपल्या कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या ग्रंथात 'आंतरिक निकड' ही कल्पना मांडली. चित्रातील कोणताही रंग अथवा आकार बाह्य वस्तूशी असलेल्या साम्यामुळे समर्थनीय ठरत नाही, तर आंतरिक निकडीमुळे ठरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. हा विचार तर्कशुद्धपणे पुढे नेल्यास चित्रातील वस्तूची आवश्यकताच उरत नाही. म्हणून अभिव्यक्तिवादाची एक शाखा अप्रतिरूप चित्रकलेत परिणत झाली. व्हिएन्नामध्ये ऑस्कर कोकोश्का (१८८६–१९८०) व एगॉन शीले (१८९०–१९१८) यांनी व्यक्तिचित्रणाला मनोविश्लेषणासारखी भेदकता आणली.

तंत्र व वैशिष्ट्ये : अभिव्यक्तिवादी चित्रांत पुढील विशेष सामान्यतः आढळतात : निसर्गातील रंगांशी न जुळणारे भडक व संघर्षात्मक रंग, जाड, तुटक अथवा वेगवान रेषा, शरीराच्या व वास्तूच्या प्रमाणांचे हेतुपुरस्सर विरूपण, यथादर्शनाचा भंग, आणि रंगाचा जाड थर, कुंचल्याचे व सुरीचे ठसे दिसू देणारी पृष्ठरचना. काष्ठमुद्रणाला या चित्रकारांनी विशेष महत्त्व दिले. लाकूड कोरताना हत्याराला होणारा विरोध, त्यामुळे रेषेला येणारा ओबडधोबडपणा आणि मधल्या छटा वगळून उरणारा काळ्या-पांढऱ्याचा तीव्र विरोध, हे या माध्यमाचे गुण त्यांच्या हेतूस अनुकूल होते. केटे कोलव्हिट्स (१८६७–१९४५) हिने मुद्राचित्रांतून दारिद्र्य, मृत्यू व मातृशोक यांचे चित्रण केले. १९१४ मध्ये तिचा मुलगा युद्धात मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ तिने घडविलेले शोकाकुल मातापित्यांचे शिल्प १९३२ मध्ये पूर्ण झाले. आयुष्यातील दुःख आणि त्याला कलारूप प्राप्त होणे यांत किती मोठे अंतर असू शकते, याचे हे उदाहरण होय.

पहिल्या महायुद्धात माके व मार्क हे दोघेही कामी आले. १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझी पक्षाने आधुनिक कलेस विकृत ठरविले. जर्मन संग्रहालयांतील हजारो कलाकृती जप्त करण्यात आल्या आणि १९३७ मध्ये म्यूनिक येथे त्यांपैकी सु. ६५० कलाकृतींचे 'अवनत कला' या नावाने उपहासात्मक प्रदर्शन भरविण्यात आले. नोल्डे हा स्वतः नाझी पक्षाचा सदस्य होता. तरीही त्याच्या हजाराहून अधिक कलाकृती संग्रहालयांतून काढून टाकण्यात आल्या. किर्खनरने १९३८ मध्ये आत्महत्या केली. कलेतील विरूपण हे समाजाच्या किंवा वंशाच्या विकृतीचे लक्षण मानण्याच्या प्रवृत्तीचा हा सर्वांत भीषण परिणाम होता. याच दडपशाहीमुळे देशोधडीला लागलेल्या काही कलाप्रेमींनी पुढे मुंबईत आश्रय घेतला, ही घटना भारतीय कलेच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

भारतीय परंपरेतील भावचित्रण : आंतरिक भावनांचे चित्रण ही भारतीय कलेस नवी गोष्ट नव्हती. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत रूपभेद, प्रमाण, लावण्ययोजना, सादृश्य व वर्णिकाभंग यांबरोबर 'भाव' या अंगाचाही समावेश आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील 'मरणासन्न राजकन्या' या नावाने प्रसिद्ध असलेले पाचव्या शतकातील भित्तिचित्र हे या अंगाचे श्रेष्ठ उदाहरण होय. हे चित्र नंदाच्या गृहत्यागाच्या कथेतील, त्याच्या पत्नीच्या शोकाचे आहे, असे सामान्यतः मानले जाते. कलती मान, मिटत आलेले डोळे, बळ गेलेली बोटे आणि भोवतालच्या दासींच्या मुद्रांवरील चिंता यांतून येथे शोक साकार झाला आहे. परंतु हा शोक अजिंठ्याच्या चित्रकाराचा वैयक्तिक शोक नव्हे. रसविचारानुसार भाव हा विभाव व अनुभावांच्या द्वारा साधारणीकृत होऊन रसिकाच्या प्रत्ययास येतो. अभिव्यक्तिवादात मात्र व्यक्तीच्या अनुभवाचे वेगळेपण जपण्यावर भर असतो.

हा भेद रंगविचारातही दिसून येतो. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगाराचा वर्ण श्याम, करुणाचा कपोत, रौद्राचा रक्त, भयानकाचा कृष्ण व अद्भुताचा पीत असा सांगितला आहे. हा संकेत सर्वांना ठाऊक असलेला व परंपरेने दृढ झालेला आहे. फ्रांट्स मार्कनेही निळा, पिवळा व तांबडा या रंगांना निश्चित अर्थ दिले. त्याच्या मते निळा पौरुषाचा व आध्यात्मिकतेचा, पिवळा सौम्य स्त्रीत्वाचा, तर तांबडा जड द्रव्याचा रंग होय. परंतु हा संकेत एका चित्रकाराने स्वतःपुरता केलेला होता. समाजमान्य संकेतांचा आधार सुटल्यामुळे आधुनिक चित्रकाराला प्रत्येक चित्रात आपली भाषा नव्याने घडवावी लागते, आणि प्रेक्षकालाही ती नव्याने शिकावी लागते. आधुनिक चित्रे दुर्बोध वाटण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

मुंबईतील वातावरण : १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेमुळे मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीच्या वास्तववादी चित्रकलेची परंपरा दृढ झाली. व्यक्तिचित्रण व निसर्गचित्रण यांत महाराष्ट्रातील चित्रकारांनी मोठे प्रावीण्य मिळविले. परंतु चित्र म्हणजे दृश्याशी सादृश्य, ही समजूतही त्यामुळे जनमानसात रुजली. जर्मन आधुनिक कलेचे भारतातील पहिले महत्त्वाचे दर्शन १९२२ मध्ये कलकत्ता येथे घडले. क्ले व कँडिन्स्की यांच्यासह बौहाउस कलाशाळेशी संबंधित चित्रकारांची चित्रे तेथे प्रदर्शित झाली होती. मुंबईत या परिवर्तनाची चाहूल काहीशी उशिरा लागली. अमृता शेरगिल (१९१३–४१) यांच्या 'तीन मुली' या चित्रास १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, ही घटना त्या दृष्टीने सूचक होय.

नाझींच्या उदयानंतर मध्य यूरोपातून मुंबईत आलेल्या तीन व्यक्तींचा येथे निर्देश करणे आवश्यक आहे. ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर (१९०५–७७) हे 'टाइम्स ऑफ इंडिया' या वृत्तपत्राचे कलासंचालक झाले. नेपिअन सी रोडवरील त्यांच्या घरी तरुण चित्रकार नियमितपणे जमत. रूडॉल्फ फॉन लायडेन (१९०८–८३) यांनी वृत्तपत्रीय समीक्षेद्वारा नव्या चित्रकलेची बाजू मांडली. व्हिएन्नाहून आलेले उद्योजक इमॅन्युएल श्लेझिंगर यांनी या तरुणांची चित्रे विकत घेतली. चित्रकार, समीक्षक व संग्राहक या तिन्ही नात्यांनी मिळालेला हा आधार, तसेच त्यांच्या घरची पुस्तके व मुद्रिते यांतून यूरोपीय अभिव्यक्तिवाद मुंबईच्या तरुण चित्रकारांच्या परिचयाचा झाला.

प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप : १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या पुढाकाराने कृ. हो. आरा, सै. है. रझा, म. फि. हुसेन, ह. अं. गाडे व स. कृ. बाक्रे या कलावंतांनी हा गट स्थापन केला. गटाचे प्रदर्शन १९४९ मध्ये मुंबईत भरले. सूझा १९४९ मध्ये, रझा १९५० मध्ये व बाक्रे १९५१ मध्ये परदेशी गेल्यामुळे त्याची वीण सैल झाली व १९५६ च्या सुमारास तो संपुष्टात आला. हा गट सर्वार्थाने अभिव्यक्तिवादी नव्हता. घनवाद व भारतीय लघुचित्रशैली यांचाही त्यावर प्रभाव होता. तथापि कलाशाळेच्या वास्तववादाला व पुनरुज्जीवनवाद्यांच्या हळुवारपणाला नाकारताना, स्वतःच्या अनुभवाची तीव्रता हाच त्यांनी प्रमुख निकष मानला.

सूझा (१९२४–२००२) यांच्यात अभिव्यक्तिवादी प्रवृत्ती सर्वाधिक स्पष्टपणे दिसते. त्यांचा जन्म गोव्यातील साळगाव येथे झाला. ते काही महिन्यांचे असतानाच वडील वारले; बालपणी त्यांना देवीचा गंभीर आजार झाला होता. आईने मुंबईत शिवणकाम करून त्यांना वाढविले. राष्ट्रीय आंदोलनातील सहभागामुळे १९४५ मध्ये त्यांना कलाशाळेतून काढून टाकण्यात आले. १९४९ मध्ये त्यांच्या नग्नचित्रांवर अश्लीलतेचा आक्षेप घेण्यात आला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. गोव्यातील चर्चमधील संतांच्या व जखमी ख्रिस्ताच्या प्रतिमा, दक्षिण भारतीय शिल्पे आणि स्पेनमधील रोमनेस्क चित्रे यांचा संस्कार त्यांच्या चित्रांवर आहे. जाड काळी बाह्यरेषा, कपाळात वर चढविलेले डोळे, दातेरी तोंडे व आडव्या-उभ्या रेघांनी विणलेले चेहरे ही त्यांच्या शिरचित्रांची वैशिष्ट्ये होत. 'क्रुसारोहण' (१९५९) या चित्रातील ख्रिस्त करुणेने नतमस्तक झालेला नसून काटेरी, भेसूर व यातनेने ताठरलेला आहे. फ्रान्समधील रूओच्या धार्मिक चित्रांशी त्यांची तुलना केली जाते. परंतु रूओच्या काळ्या रेषांमागे श्रद्धेचा प्रकाश असतो, तर सूझांच्या रेषेत श्रद्धा व संताप यांचा न मिटणारा कलह जाणवतो.

आरा (१९१४–८५) हे लहानपणी मुंबईत येऊन घरकाम करून वाढले. त्यांच्या स्थिरवस्तुचित्रांतील व नग्नचित्रांतील आकार सैल व रंग मोकळे आहेत. त्यांतून दुःखापेक्षा जीवनाची आसक्ती व्यक्त होते. पंढरपूर येथे जन्मलेल्या हुसेन (१९१५–२०११) यांनी चित्रपटांचे फलक रंगविताना मिळविलेली वेगवान रेषा 'जमीन' (१९५५) यांसारख्या चित्रांत ग्रामीण जीवनाच्या आशयासाठी वापरली. अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांच्या शिरचित्रांत व करड्या रंगातील चित्रांत अंतर्मुख गांभीर्य आढळते. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील त्यांच्या प्रदर्शनातील प्रेमी युगुलाच्या चित्रावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. मनातील भावना जाहीरपणे मांडण्याचा कलावंताचा हक्क आणि समाजाची नीतिकल्पना यांतील संघर्ष या प्रकरणाने मुंबईच्या जाणकारांपुढे उभा केला.

तैयब मेहता (१९२५–२००९) यांचे उदाहरण विशेष विचारार्ह आहे. १९४७ च्या दंगलीत मुंबईतील महंमद अली मार्गावर जमावाने एका माणसाला ठार मारल्याचे त्यांनी पाहिले व ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही. जखडलेला बैल, रिक्षावाला व कोसळणारी मानवाकृती या प्रतिमा त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा येतात. १९७० मधील 'कूडल' या त्यांच्या लघुपटातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये आहेत. त्यांची आरंभीची चित्रे जाड रंगलेपाची व रूढ अर्थाने अभिव्यक्तिवादी होती. १९६८ नंतरच्या अमेरिकेतील वास्तव्यानंतर त्यांनी हा लेप टाकून दिला व सपाट, स्वच्छ रंगपट्टे आणि चित्राला कर्णरेषेने छेदणारी रचना स्वीकारली. आकृती तुटली, परंतु रंग शांत राहिला. हिंसेची जाणीव त्यामुळे सौम्य न होता अधिकच तीव्र झाली.

गटाबाहेरील चित्रकारांत चित्तप्रसाद (१९१५–७८) यांचा उल्लेख आवश्यक आहे. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचे त्यांनी केलेले सचित्र वृत्तांकन ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केले. पुढे मुंबईत अंधेरी येथे राहून त्यांनी लिनोमुद्रणात श्रमिकांच्या जीवनावर अनेक चित्रे केली. त्यांचे नाते कोलव्हिट्सच्या परंपरेशी आहे. पुण्यात जन्मलेले सुधीर पटवर्धन (१९४९– ) यांनी ठाणे येथे १९७५ पासून सु. तीस वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. त्यांच्या आरंभीच्या चित्रांतील ताणलेल्या, पिळवटलेल्या मानवाकृती अभिव्यक्तिवादाशी जवळीक दाखवितात. पुढे मात्र त्यांनी मुंबई-ठाणे परिसरातील कामगार, उपाहारगृहे, लोहमार्ग व वाढत्या वस्त्या यांच्या संयत चित्रणातून दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागी राहून पाहण्याची भूमिका घेतली. वा. सां. गायतोंडे (१९२४–२००१) यांच्यावर क्लेच्या कलेचा आरंभी प्रभाव होता. त्यांची नंतरची वस्तुनिरपेक्ष चित्रे हा आंतरिक अनुभवाचाच, परंतु भावनेच्या क्षोभापलीकडील मौनाचा आविष्कार होय.

सैद्धांतिक प्रश्न : अभिव्यक्तिवादाने उपस्थित केलेला मूलभूत प्रश्न असा, की चित्रातील भावना नेमकी कोठे असते : चित्रकाराच्या मनात, चित्रात की प्रेक्षकाच्या मनात ? टॉलस्टॉयच्या मते कलावंत स्वतः अनुभवलेल्या भावनेचा संसर्ग इतरांना घडवून आणतो. क्रोचे व कॉलिंगवुड यांच्या मते भावना आधी पूर्णतः ज्ञात असते व मग ती व्यक्त केली जाते असे नाही, तर व्यक्त करण्याच्या क्रियेतच ती कलावंताला स्वतःला स्पष्ट होते. या दुसऱ्या मतास चित्रकारांच्या कार्यपद्धतीतून पुष्टी मिळते. मुंकने 'किंकाळी' हे चित्र वेगवेगळ्या माध्यमांत अनेक वेळा केले. तैयब मेहतांनी एका प्रसंगाची उकल अनेक दशके केली. क्षणिक उद्रेकातून असे काम होत नाही. त्यास चिंतन, निवड व शिस्त लागते. म्हणून भावनेचा भडका म्हणजे अभिव्यक्तिवाद, ही लोकप्रिय समजूत अपुरी आहे.

मराठी सौंदर्यविचारात बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी कलेचे सौंदर्य भावनाजागृतीवर अवलंबून नसून संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर अवलंबून असते, अशी भूमिका घेतली. वरवर पाहता ती अभिव्यक्तिवादाच्या विरोधी आहे. परंतु विरूपित आकृती आणि बेंगरूळ आकृती यांतील भेद स्पष्ट करण्यास ती उपयुक्त ठरते. विरूपणाने मोडलेले प्रमाण चित्रात अन्यत्र, रंगाच्या भाराने किंवा रेषेच्या गतीने, तोलले गेले असेल तरच ते अर्थपूर्ण होते. अन्यथा ती केवळ अकुशलता किंवा नक्कल ठरते. अभिव्यक्तिवादावर घेतले जाणारे आक्षेपही याच ठिकाणी लागू पडतात. आत्मकेंद्रितता, दुर्बोधता व भडकपणा हे दोष त्याच्या अनुकरणकर्त्यांत विपुल आढळतात. एकदा रूढ झालेले विरूपण मोडल्या गेलेल्या जुन्या संकेतांइतकेच निर्जीव होऊ शकते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उदयास आलेला अप्रतिरूप अभिव्यक्तिवाद आणि १९७० नंतर जर्मनी व इतर देशांत दिसून आलेला नव-अभिव्यक्तिवाद हे या संप्रदायाचे पुढील आविष्कार होत. एक संघटित चळवळ म्हणून मूळ अभिव्यक्तिवाद दोन महायुद्धांच्या दरम्यानच ओसरला. तथापि दृश्याशी सादृश्य हा चित्राच्या मूल्यमापनाचा एकमेव निकष नव्हे, आणि मनुष्याच्या मनातील भय, शोक, वासना व करुणा यांनाही दृश्य वस्तूंइतकेच वास्तवाचे स्थान आहे, हे त्याने प्रस्थापित केले. महाराष्ट्रातील चित्रकलेला हे भान विसाव्या शतकाच्या मध्यास आले. ते परक्या शैलीच्या अनुकरणातून नव्हे, तर फाळणी, दुष्काळ, स्थलांतर व महानगरीय जीवन यांच्या प्रत्यक्ष अनुभवातून आले, म्हणूनच ते येथे टिकून राहिले.